सहावी आज्ञा नेमकी कुठली? (चर्चच्या भिंती, रंगीत काचा, सिनेमे आणि दहा आज्ञा)

नगरी_पाटी
शनिवार, रात्री १०:४२

मागच्या रविवारी वसईला बायकोच्या माहेरी फर्स्ट होली कम्युनियनचं जेवण होतं. शेजारी एक मामा बसलेले, ते कुणाबद्दल तरी हळूच म्हणाले, "अरे त्यानं सहावी मोडली ना, म्हणून तर ती माहेरी निघून गेली." माझ्या हातातला वडा रश्श्यात पडला. मी म्हटलं, मामा, पोलीस केस झाली का? मामा माझ्याकडं बघतायत, मी मामांकडं, बायकोनं टेबलाखालून पाय मारला. गाडीत बसल्यावर उलगडा झाला. त्यांच्याकडं सहावी म्हणजे व्यभिचार करू नको, आणि मी रविवारच्या शाळेत पाठ केलेली सहावी म्हणजे खून करू नको. मामांना वाटलं असणार नगरकडची माणसं अशा बाबतीत थेट पोलिसात जातात.

आता मुद्दा. सकाळी मिस्साला बसलो होतो तेव्हा बाजूच्या खिडकीत रंगीत काचेतला मोशे (देवाकडून दहा आज्ञा घेऊन आलेला) होता, हिरवा झगा, पांढरी दाढी, हातात दोन पाट्या. पाट्यांवर मजकूर नाही, नुसते रोमन आकडे. वेळ होता म्हणून मोजले. एका पाटीवर तीन, दुसरीवर सात. तेव्हाच खटकलं होतं, म्हटलं काचवाल्याला जागेचा अंदाज आला नसेल.

कारण आमच्या गावच्या चर्चात (नगर जिल्हा, जुनं अमेरिकन मराठी मिशनचं) पुलपिटच्या उजव्या भिंतीवर ऑइलपेंटनं दहा आज्ञा रंगवलेल्या होत्या. वर कमानीसारखं डोकं असलेल्या दोन पाट्या, आतून काळ्या, कडेनं पिवळी बॉर्डर, अगदी शाळेतल्या पाटीसारख्या. डावीकडं चार, उजवीकडं सहा. रंगवणारा पेंटर गावातलाच, किराणा दुकानाच्या पाट्या आणि बैलगाडीच्या फळ्या रंगवणारा, त्यामुळे 'परमेश्वर' शब्दाला त्यानं लाल शॅडो दिली होती, जशी दुकानाच्या नावाला देतात. आणि जागेचा हिशोब चुकलेला. वरच्या आज्ञा ऐसपैस, आणि दहावीपर्यंत येईतो अक्षरं मुंगीएवढी. दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याच्या बैलाचा नि गाढवाचा लोभ धरू नको असं आहे, त्यातलं 'गाढव' बरोबर आमच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं. उपासना चालू असताना आम्ही पोरं ते एकमेकांना बोटानं दाखवायचो. मला त्या वयात वाचता येणारा पहिला जोडाक्षराशिवायचा पवित्र शब्द तोच.

तर प्रश्न असा की चार-सहा बरोबर का तीन-सात? आणि तुम्ही कुठंकुठं काय बघितलंय? चर्चमध्ये, सिनेमात, कुठंही. जाणकारांनी लिहा.

-------

सुमी_सातारकर
शनिवार, रात्री ११:०५

वडा रश्श्यात :ड :ड
मी हिंदू, मला वाटायचं दहा म्हणजे दहा, सगळ्यांच्या सारख्याच. वाचतेय.

-------

कुपारी_पोर
शनिवार, रात्री ११:३०

मामांना माझा नमस्कार सांगा :)
काचवाला चुकलेला नाही दादा, तीन-सात आमचं बरोबर आहे. आम्हाला धर्मशिक्षणात असंच पाठ करायला लावायचे. पहिल्या तीन देवाबद्दलच्या, एकच देव, देवाचं नाव, देवाचा दिवस. पुढच्या सात माणसांबद्दलच्या. चौथी आईबाप, पाचवी खून, सहावी तुमच्या मामांवाली. आणि शेवटी लोभाच्या दोन वेगवेगळ्या, नववी दुसऱ्याची बायको आणि दहावी दुसऱ्याची मालमत्ता. आमच्याकडे बायको आणि बैल एका ओळीत येत नाहीत एवढं तरी मान्य करा.

-------

आडवा_सवाल
रविवार, सकाळी ७:१२

साधी गोष्ट आहे. मूर्ती करू नको ही दुसरी आज्ञा कॅथलिक चर्चनं गाळली कारण चर्चमध्ये पुतळे आहेत. एक कमी पडली म्हणून शेवटची फोडून दोन केल्या. झाला हिशोब.

-------

कुपारी_पोर
रविवार, सकाळी ९:४०

@आडवा_सवाल, हे दर सहा महिन्यांनी कुणीतरी येऊन लिहितंच. गाळलेली नाही हो. आमच्या बायबलमध्ये निर्गम पुस्तकाचा विसावा अध्याय उघडा, पूर्ण आहे. ती पहिल्या आज्ञेचाच भाग धरतात, दुसरे देव नकोत आणि त्यांच्या मूर्ती नकोत हे एकच. पाठांतराला सगळ्याच आज्ञा छोट्या केलेल्या असतात, तुमच्याकडे पण शब्बाथची (विश्रांतीच्या दिवसाची) अख्खी आज्ञा कोण पाठ म्हणतं?

-------

चष्मा_जुना_करार
रविवार, दुपारी १२:१५

जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

मूळ मजकुरात नंबर नाहीतच. निर्गम २० मध्ये सलग बोलणं आहे, तेच थोड्या फरकानं 'अनुवाद' नावाच्या बायबलच्याच पुस्तकात, ५ व्या अध्यायात, परत येतं. 'दहा' हा आकडा तिसऱ्याच ठिकाणी येतो, निर्गम ३४ आणि अनुवाद ४ व १० मध्ये, आणि तिथंही हिब्रू शब्द आज्ञा असा नाही, 'दहा वचनं' असा आहे. ग्रीकमधलं डेकालॉग तेच. म्हणजे दहा आहेत हे पक्कं, पण कुठून कुठपर्यंत एक धरायची हे ज्यानं त्यानं ठरवलं. फायलो नावाचा अलेक्झांड्रियाचा ज्यू विचारवंत होता पहिल्या शतकातला, त्याच्या मोजणीत मूर्तीची आज्ञा वेगळी. ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि कॅल्विनच्या परंपरेतली सगळी चर्चेस तसं मोजतात, अमेरिकन मराठी मिशनवाले काँग्रिगेशनल म्हणजे तिकडचेच, म्हणून नगरच्या भिंतीवर चार-सहा. संत ऑगस्टिनची मोजणी तीन-सात, ती कॅथलिक चर्चनं घेतली.

आता @आडवा_सवाल यांच्यासाठी गंमत. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनंही ऑगस्टिनचीच मोजणी ठेवली. म्हणजे जर्मनीतल्या ल्यूथरन चर्चमध्ये आजही सहावी म्हणजे मामांची सहावी. पुतळे लपवायला नंबर सरकवले म्हणावं तर ल्यूथरला काय लपवायचं होतं?

जर्मनीवरून आठवलं, विटेनबर्गला लुकास क्रानाखचं १५१६ चं मोठं चित्र आहे दहा आज्ञांचं, म्हणजे ल्यूथरच्या गाजलेल्या प्रबंधांच्या एक वर्ष आधीचं. दहा चौकटी, प्रत्येकीत एक आज्ञा नि ती मोडणारी किंवा पाळणारी माणसं, आणि सगळ्या चौकटींवरून आरपार गेलेलं एकच इंद्रधनुष्य. पण ते चर्चसाठी काढलेलं नाही, नगरपालिकेच्या इमारतीत जिथं न्यायनिवाडा चालायचा तिथल्यासाठी. दहा आज्ञा कोर्टात लावायची हौस अमेरिकेनं शोधून काढलेली नाही.

शोमरोनी लोकांची तर आणखी वेगळी, त्यांच्या दहाव्या आज्ञेत गेरिज्जीम डोंगरावर वेदी बांधा असं आहे. पण ते राहू दे, धागा भरकटेल.

-------

अश्दोदची_आत्या
रविवार, दुपारी ३:२०

शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर अलिबागजवळचं, आता चाळीस वर्षं इस्राएलमध्ये. तुमचं भांडण चार-सहा आणि तीन-सातचं चाललंय, आमच्याकडे पाच-पाच :)

आमची पहिली आज्ञा म्हणजे 'मी परमेश्वर तुझा देव, ज्यानं तुला मिसर देशातून काढलं' हे वाक्यच. तुम्ही म्हणाल यात आज्ञा कुठाय, म्हणून तर वर त्या भाऊंनी लिहिलं ना वचनं, ते बरोबर आहे. मग दुसरे देव आणि मूर्ती मिळून दुसरी. सिनेगॉगमध्ये तोरा (आमचा धर्मग्रंथ) ठेवायच्या कपाटाच्या वर पुष्कळ ठिकाणी दोन पाट्या असतात, प्रत्येक वचनाचे पहिले एकदोन शब्दच लिहितात. आणि हिब्रू उजवीकडून वाचतात, त्यामुळे पहिली पाच उजव्या पाटीवर. खून करू नको हे हिब्रूत दोनच शब्द, पाटीवर छान बसतात. कारागिराला सोपं.

आणखी एक, ते वरचं गोल डोकं. आमच्या जुन्या ग्रंथांत पाट्या चौकोनी सांगितल्यात, मापासकट, सहा मुठी लांब नि सहा रुंद. गोल डोकं युरोपातल्या चित्रकारांनी दिलं आणि ते इतकं रुळलं की आमच्याही देवळांत तसंच काढतात. गेल्या शतकात काही रब्बींनी (आमच्या धर्मगुरूंनी) यावर आवाज उठवला होता, आता काही जण मुद्दाम चौकोनी करतात.

आणि बरं का, दहा वचनं रोज प्रार्थनेत म्हणायची पद्धत पूर्वी होती ती रब्बींनी बंद केली. का तर लोक म्हणायला लागतील की देवानं एवढीच दिली, बाकीचं काही नाही. आमच्याकडे आज्ञा ६१३ आहेत, दहाचं एवढं कौतुक करू नका!

-------

नगरी_पाटी
रविवार, संध्याकाळी ६:००

आत्या, तुम्ही आलात म्हणजे धाग्याला बरकत आली. मला एक माहीत होतं ते खात्री करायला विचारतो, बेने इस्राएल लोकांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे ते यामुळेच ना?

-------

अश्दोदची_आत्या
रविवार, संध्याकाळी ७:४५

हो तर. घाण्यावर तेल काढायचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. गावातल्या लोकांना आमचा शब्बाथ काय ठाऊक, त्यांना एवढंच दिसायचं की हे तेली शनिवारी तेल देत नाहीत. म्हणून शनिवार तेली. माझी आजी सांगायची की आपल्याला पुस्तकातलं पुष्कळ विसरायला झालं होतं पण शनिवार विसरला नाही. तुमच्या गावच्या भिंतीवर रंगवलेली ती चौथी आज्ञा आमच्या गावात बंद घाण्यावर दिसायची म्हणा.

-------

सुमी_सातारकर
रविवार, रात्री ८:१०

आत्या _/\_

-------

यॉर्कशायरचा_चहा
रविवार, रात्री १०:३०

इंग्लंडात खेड्यापाड्यातली जुनी चर्चेस बघायचं मला वेड आहे (बायको म्हणते देवळात कधी गेला नाहीस आणि इथं पाच पौंड पार्किंगला देऊन चर्च बघतोस), त्यामुळे यात थोडी भर.

इथं दहा आज्ञा चर्चमध्ये लावणं हा एकेकाळी नियमच होता. रिफॉर्मेशनच्या (प्रोटेस्टंट सुधारणेच्या) लाटेत, सहाव्या एडवर्डच्या काळात, भिंतींवरची संतांची चित्रं चुन्यानं पुसली. मग भिंती मोकळ्या. पहिल्या एलिझाबेथच्या काळात हुकूम निघाला की पूर्वेच्या टोकाला आज्ञांचा तक्ता लावा, आणि १६०४ च्या चर्चच्या नियमांत तो ८२ वा नियम म्हणून पक्का झाला, लोकांना नीट वाचता येईल असा लावा म्हणून. चित्रं करू नको असं सांगणारी आज्ञा, आणि चित्र पुसलेल्या जागी तीच आज्ञा टांगलेली. आणि ती सुद्धा साधी नाही, काळ्या फळीवर सोनेरी अक्षरं, कडेला नक्षी. थोडक्यात अक्षरांचीच मूर्ती केली असं मला वाटतं, पण इथं कुणाला बोलू नका.

या फळ्या अजून पुष्कळ चर्चेसमध्ये आहेत. निरखून बघितलं की एक कळतं. डाव्या फळीवर फक्त चार आज्ञा पण ती खच्चून भरलेली, कारण मूर्तीची आणि शब्बाथची आज्ञा लांबलचक. उजवीकडे सहा असून निवांत, खून, व्यभिचार, चोरी एकेका ओळीत संपतात. म्हणजे नगरच्या पेंटरची गोष्ट उलटी झालीय, त्यानं बहुतेक पहिल्या चार संक्षेपात लिहिल्या आणि दहावी पूर्ण लिहायला घेतली. नुसते आकडे काढायचे असले की कारागीर पाच-पाच करून मोकळा होतो, दिसायला बरं म्हणून, मग पंथ कुठला का असेना. त्यामुळे पाच-पाच दिसलं की ज्यूच असेल असं नाही.

शिवाय फळ्यांच्या दोन बाजूंना बऱ्याचदा दोन माणसं रंगवलेली असतात, एकीकडे मोशे आणि दुसरीकडे त्याचा भाऊ अहरोन, याजकाच्या पोशाखात, छातीवर बारा रत्नांचा पट्टा. अहो पण मोशे डोंगरावर आज्ञा आणायला गेला तेव्हा खाली सोन्याचं वासरू कुणी करून दिलं होतं? यानंच! आणि त्यालाच पहारा द्यायला उभा केलाय.

-------

शिंगरू
सोमवार, सकाळी ८:२०

रोमला मायकेलअँजेलोचा मोशे बघितलाय (सान पिएत्रो इन विंकोली, दुसऱ्या ज्यूलियस पोपच्या थडग्यावरचा). त्याच्या डोक्याला दोन शिंगं आहेत. गाइडनं काहीतरी भाषांतराची चूक सांगितली. माझ्या आयडीमुळे मला यात विशेष रस आहे. तसंच हिब्रू शब्द 'करन' असा आहे असं वाचलं, म्हणजे आपला संस्कृत 'किरण' तर नव्हे?

-------

चष्मा_जुना_करार
सोमवार, सकाळी ११:००

नव्हे. आवाज जुळला म्हणून सोयरीक होत नाही.

बाकी गाइड बरोबर होता. मोशे दुसऱ्यांदा पाट्या घेऊन उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याची कातडी 'करन' झाली असं आहे. केरेन म्हणजे शिंग, पण इथं अर्थ तेज फाकणं असा धरतात. जेरोमनं लॅटिन करताना शिंगवाला असा शब्द घातला. मग मध्ययुगात युरोपभर शिंगवाले मोशे, पुस्तकांत, दगडात, काचेत. बाजू घ्यायची तर जेरोमची घेतो, त्यानं शब्दाला शब्द ठेवला. मराठी बायबलमध्ये चेहरा तेजस्वी झाला असाच अर्थ आहे त्यामुळे आपल्याकडच्या पेंटरांनी शिंगं काढली नाहीत. आणि त्या पुतळ्याच्या उजव्या हाताखाली पाट्या आहेत त्या नीट आठवा. सरळ चौकोनी आहेत. आत्याबाई खूश.

त्याउलट रेम्ब्रांटचं १६५९ चं चित्र, बर्लिनला आहे. गोल डोक्याच्या पाट्या डोक्यावर उचललेल्या, हिब्रू अक्षरं वाचता येतात, पुढच्या पाटीवर शेवटची पाच. तो पाट्या फोडायच्या बेतात आहे का लोकांना दाखवतोय यावर अजून वाद आहे. चेहरा बघितला तर मला तरी तो रागावलेला वाटत नाही, दमलेला वाटतो.

-------

प्रूफवाला
सोमवार, दुपारी १:३०

आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. १६३१ साली लंडनला राजाच्या छापखान्यात छापलेल्या बायबलमध्ये व्यभिचाराच्या आज्ञेतला 'नको' उडाला. म्हणजे आज्ञा झाली, व्यभिचार कर. बार्कर आणि लुकास अशी छापणाऱ्यांची नावं, ३०० पौंड दंड झाला, परवाना गेला. प्रती गोळा करून नष्ट केल्या, ज्या थोड्या उरल्या त्यांना आता सोन्याचा भाव.

मी तीस वर्षं प्रुफं तपासली. 'नको' सारखा शब्द ओळीच्या शेवटी आला की माझी अजून छाती धडधडते.

-------

नगरी_पाटी
सोमवार, दुपारी २:०५

म्हणजे मामांच्या ओळखीतला तो माणूस १६३१ ची आवृत्ती वाचत होता.

-------

कुपारी_पोर
सोमवार, दुपारी २:१०

मेलो :ड :ड मामांना हे पाठवतोय.

-------

काळा_चहा
सोमवार, रात्री ९:१५

सिनेमाबद्दल कुणीच नाही बोललं? पुण्यात फिल्म सोसायटीत 'डेकालॉग' बघितली होती, किश्लोव्स्कीची, दोन दिवसांत सगळी. पोलंडच्या टीव्हीसाठी केलेल्या साधारण तासातासाच्या दहा फिल्म्स, १९८८ च्या सुमाराच्या. वॉर्साची एक हाउसिंग कॉलनी, सिमेंटचे ठोकळे, आणि त्या घरांतली माणसं. मोशे नाही, पाट्या नाहीत, कुणी आज्ञा म्हणून दाखवत नाही. फिल्म्सना नुसते नंबर. मी तेव्हा गूगलवरून दहा आज्ञांची यादी कागदावर उतरवून नेली होती, आणि एकेक फिल्म जुळवायला गेलो तर काही जुळेचना. पाचवी बघितली, त्यात एक पोरगा टॅक्सीवाल्याला मारतो, आणि माझ्या कागदावर पाचवी म्हणजे आईबापाचा मान राख! मी मध्यंतरात डोकं खाजवत बसलो, म्हटलं यात आईबाप कुठं आले, काहीतरी खोल असणार. आज हा धागा वाचून कळलं, पोलंड कॅथलिक, माझी यादी प्रोटेस्टंट. पंधरा वर्षं मी त्यात खोल अर्थ शोधत होतो.

पण फिल्म विसरता येत नाही. तो खून लांबतच जातो, संपत नाही, बघणाऱ्याला नकोसं होतं. आणि मग दुसऱ्या भागात सरकार त्या पोराला फाशी देतं ते पण तितकंच बारकाईनं, दोरी, कप्पी, खाली ठेवलेला ट्रे. खून करू नको हे कुणाला उद्देशून आहे ते तुम्हीच ठरवा. पहिल्या फिल्ममध्ये बाप कॉम्प्युटरवर तळ्यावरच्या बर्फाची जाडी मोजतो, आकडा सांगतो की पोराला स्केटिंगला जायला हरकत नाही. पुढचं लिहीत नाही, बघा.

-------

ऑस्टिनकर
मंगळवार, सकाळी ६:५०

सिनेमा म्हटलं तर डिमिलचा १९५६ चा राहिलाच की. चार्लटन हेस्टन मोशे, युल ब्रिनर रामसेस, जवळजवळ पावणेचार तासांचा. इथं अमेरिकेत दरवर्षी ईस्टरच्या आसपास टीव्हीवर लागतो, १९७३ पासूनची प्रथा. आगीचा लोळ येऊन खडकावर अक्षरं कोरतो तो सीन, त्यातली लिपी जुनी कनानी धाटणीची आहे, आजची चौकोनी हिब्रू नाही, तेवढा अभ्यास केलेला. समुद्र दुभंगतो तो मोठ्या टाकीत पाणी सोडून फिल्म उलटी फिरवलेली. याच डिमिलनं १९२३ साली मूकपटही केला होता याच नावाचा.

पण मला सांगायचंय ते वेगळं. मी राहतो तिथं टेक्सासचं कॅपिटल आहे, तिच्या आवारात दहा आज्ञांचा ग्रॅनाइटचा दगड आहे, सहा फूट उंच, १९६१ चा. फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स नावाच्या संघटनेनं देशभर असे दगड दिले. मूळ कल्पना मिनेसोटातल्या एका न्यायाधीशाची, वाया चाललेल्या पोरांच्या डोळ्यांपुढे आज्ञा असाव्यात म्हणून. डिमिलनं ती उचलून धरली, सिनेमातले कलाकार दगडांच्या उद्घाटनाला गेले, म्हणजे पुण्य आणि पब्लिसिटी एकाच फेरीत. या दगडावर वर गरुड, झेंडा, पिरॅमिडमधला डोळा, खाली डेव्हिडचे दोन तारे, ख्रिस्ताचं चिन्ह, आपल्याकडच्या कॅलेंडरवर जसं कुणीच नाराज व्हायला नको म्हणून सगळे देव घेतात तसं. मजकूर कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू तिघांना चालेल असा समितीनं ठरवलेला.

हा धागा वाचून काल ऑफिसमधून येताना मुद्दाम गेलो आणि मोजलं. नंबर नाहीतच दगडावर! असणार कसे, कुणाचे घालणार? 'मी परमेश्वर' ही वरची ओळ सोडून मोजलं. दुसरे देव, मूर्ती, नाव, शब्बाथ, आईबाप, खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, शेजाऱ्याचं घर, आणि मग शेजाऱ्याची बायको नोकर गुरं. अकरा भरल्या. वरची धरली तर बारा. शीर्षकात दहा. परत मोजलं, तेवढंच. एक सिक्युरिटीवाला लांबून बघत होता, एक देशी माणूस दगडापुढे बोटं मोडतोय म्हणून.

या दगडावरून केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, २००५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी राहू दिला. त्याच दिवशी केंटकीतल्या कोर्टांमध्ये लावलेल्या आज्ञा पाच विरुद्ध चारनीच काढायला लावल्या. आता लुइझियानानं २०२४ ला आणि टेक्सासनं २०२५ ला कायदा केलाय की शाळेच्या प्रत्येक वर्गात पोस्टर लावा, आणि पोस्टरचा मजकूर म्हणजे हाच समितीवाला. दोन्हीकडे आईबाप कोर्टात गेले. माझी मुलगी आठवीत आहे. तिनं विचारलं, बाबा टेन म्हणतात मग मला इलेव्हन का येतायत. मी म्हटलं मराठीत एक धागा आहे, वाच. वाचता येत नाही तिला. तो माझा गुन्हा, कितव्या आज्ञेत बसतो बघा.

-------

आडवा_सवाल
मंगळवार, सकाळी १०:००

ल्यूथरचं मला माहीत नव्हतं. मागे घेतो. पण चर्चमध्ये पुतळे असू नयेत हे माझं मत कायम आहे.

-------

कुपारी_पोर
मंगळवार, सकाळी १०:२५

मत ठेवा की, त्याला कोण नाही म्हणतंय. नाताळला या वसईला, गव्हाणी बघायला. पुतळे आहेत, सांगून ठेवतो.

-------

गोदीतला_भोंगा
मंगळवार, रात्री ११:४०

सगळे दिसणाऱ्या पाट्यांबद्दल बोलतायत, मी न दिसणाऱ्या सांगतो. मी जहाजावर होतो, नंतर काही वर्षं आदिस अबाबाला नोकरी. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रत्येक चर्चात आज्ञांच्या पाटीची प्रतिकृती असते, लाकडाची नाहीतर दगडाची, तिला ताबोत म्हणतात. ताबोत नसेल तर ते चर्चच नाही. पण ती सगळ्यात आत, याजकांशिवाय कुणी बघायची नाही. जानेवारीत तिमकतचा सण असतो तेव्हा बाहेर काढतात, भरजरी कापडात गुंडाळून, याजकांच्या डोक्यावर, वर रंगीत छत्र्या, ढोल, नाचणं, बाया उलुलु करतात. आपली पालखीच, फक्त पालखीत कोण आहे ते कुणालाही दिसत नाही. मी तीन वर्षं बघितलं, कापडच बघितलं.

आता मुंबईचा संबंध. १८६८ ला इंग्रजांनी इथिओपियात मग्दालावर चढाई केली ती मुंबईहून निघालेली. सेनापती नेपियर हा मुंबई आर्मीचा प्रमुख, बरेचसे शिपाई इथलेच. मग्दालाची लूट झाली त्यात ताबोतही गेले. त्यातले ११ ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि तिथंही ते कुणाला दाखवत नाहीत, म्युझियमच्या लोकांनीही बघायचे नाहीत, फक्त इथिओपियाच्या चर्चच्या याजकांना जाता येतं. म्युझियममध्ये असलेली आणि दाखवायची नसलेली वस्तू. चोरी करू नको असं ज्यावर असायला हवं तेच चोरून नेलेलं.

-------

यॉर्कशायरचा_चहा
बुधवार, पहाटे १:०५

हे भारी आहे. लंडनला पन्नासदा गेलोय त्या म्युझियममध्ये आणि हे माहीतच नव्हतं. पण माहीत असून तरी काय बघितलं असतं म्हणा.

-------

सुमी_सातारकर
बुधवार, सकाळी ९:३०

@नगरी_पाटी, गावच्या त्या भिंतीचा फोटो टाका ना. सगळ्यांनी आपापलं सांगितलं, मूळ भिंतच राहिली.

-------

नगरी_पाटी
गुरुवार, रात्री ९:५०

परवाच आईला फोन केला होता फोटोसाठी. आधी अर्धा तास पाचवी आज्ञा ऐकली (बायकोच्या हिशोबानं चौथी), फोन करत नाहीस वगैरे. मग म्हणाली, ती भिंत कुठं राहिली आता, चर्चचं नूतनीकरण झालं तेव्हा अर्ध्या भिंतीला टाइल्स लावल्या आणि वर रंग दिला. आज्ञा आता फ्लेक्सवर आहेत. तिनं फ्लेक्सचा फोटो पाठवला. निळं आकाश, ढगातून किरण (@शिंगरू, हे तुमचे), पाट्या गोल डोक्याच्या आणि बरोबर पाच-पाच. मोशे म्हणून जो माणूस आहे तो सरळसरळ चार्लटन हेस्टन. तालुक्याच्या प्रिंटिंगवाल्यानं नेटवरून उचलला असणार. आईला विचारलं, पाच-पाच का गं, आपल्याकडं चार-सहा असतात ना. म्हणाली, पाळकसाहेबांनी सांगितलं होतं पण तो पोरगा म्हणाला बॅलन्स जातो.

जुन्याचा काही पत्ता लागेना म्हणून धाकट्या भावाला पाठवलं. त्यानं काल मंडळीच्या एका म्हाताऱ्या आजोबांना विचारलं, ते म्हणाले कपाटामागं रंग दिलेला नाही, कपाट जड म्हणून कुणी हलवलंच नव्हतं. गीतपुस्तकं ठेवायचं लोखंडी कपाट. दोघांनी मिळून एक वीत सरकवलं, मोबाईल आत घालून फोटो काढलाय, तो खाली टाकतोय. आडवा आलाय, धुळीनं फार दिसत नाही. उजव्या पाटीचा खालचा कोपरा आहे. पिवळी बॉर्डर दिसते. आतली शेवटची ओळ '...बैल, गाढव किंवा' एवढी वाचता येते, पुढचं टाइलखाली गेलं. आणि बॉर्डरच्या बाहेर पेंटरची सही, तिला मात्र लाल शॅडो आहे.

-------

अश्दोदची_आत्या
गुरुवार, रात्री ११:१५

कपाट परत पहिल्या जागी ठेवलं ना नीट? रंग देणाऱ्यांना सांगू नका.